वऱ्हाडी ताटाचे आरोग्य कुठून येत होते?

१/
ज्वारीला अलीकडे चांगले दिवस आले आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे भारदस्त नाव मिळाले. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्वारीचे पोहे आणि जवसाची पाकिटे मांडलेली दिसतात, आणि सोबत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपले पूर्वज हेच खात, म्हणून ते निरोगी होते.’ हे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
आधी ताट पाहू. वऱ्हाडातील सामान्य शेतकरी कुटुंबाचे रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचे वरण, अंबाडीची किंवा त्या ऋतूत मिळेल ती पालेभाजी, ठेचा, जवसाची चटणी आणि कांदा. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, या भाज्या पेरल्याशिवायच उगवत. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तूर डाळ घालून ती घोटली जाई. गव्हाचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण हा बेत सणाचा किंवा देवकार्याचा. गहू हे पाहुण्याचे धान्य होते, ज्वारी घरच्या माणसांचे.

३/
आजच्या आहारशास्त्राने या ताटाकडे पाहिले तर ते चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. तुरीच्या डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिनची उणीव असते. ती ज्वारी काही प्रमाणात भरून काढते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. मासे क्वचितच पाहणाऱ्या प्रदेशासाठी ही मोठीच सोय. (शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या ओमेगा-३ सारख्या रूपात बदलू शकते, हेही सांगितले पाहिजे, पाकिटावर ते सहसा छापलेले नसते.) धान्यातले लोह शरीरात मुरायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते लिंबातून, हिरव्या मिरचीतून, ताज्या पाल्यातून मिळे.

४/
आता प्रश्न असा की ही जुळणी केली कोणी? कुणा वैद्याने ताट आखून दिले नव्हते. ते ताट शेताची प्रतिकृती होते. वऱ्हाडच्या खरिपात एकटे पीक घेण्याची रीत नव्हती. ज्वारीच्या तासांमध्ये मूग किंवा उडीद, काही ओळींनंतर तुरीची ओळ, कडेने अंबाडी. तीन महिन्यांत मूग-उडीद निघे, दिवाळीच्या सुमारास ज्वारी, आणि तूर थंडी सोसून मागाहून. पाऊस सरताना जमिनीत उरलेल्या ओलीवर जवस, करडी आणि हरभरा येई.

अंबाडीचे उदाहरण घ्या. कोवळा पाला भाजीला, बोंडांवरची लाल आंबट पाकळी चटणीला आणि सरबताला, वाळलेल्या दांड्याचा वाख दोरखंडाला. बांधाकडेच्या दोन ओळींतून स्वयंपाकघर आणि बैलगाडी, दोन्ही चालत. ज्वारीचेही तसेच. कणीस माणसांना, कडबा बैलांना. बैलांचे शेण पुन्हा त्याच मातीला. उंच वाढणारी देशी ज्वारी निवडण्यामागे कडब्याचा हिशेब दाण्याइतकाच असे.

५/
पिकलेल्या धान्याचा मोठा भाग बाजारात न जाता गावातच राही. खळ्यावर मळणी झाली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, परीट यांचे बलुते धान्यात मोजले जाई. (ही वाटणी समतेची मुळीच नव्हती, कोणाच्या पदरात किती आणि कसे पडायचे ते जात ठरवत असे.) उरलेली ज्वारी कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आज भलत्याच गोष्टींसाठी वापरतो. त्याचा उगम या जमिनीखालच्या कोठारात आहे. नीट बंद केलेल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे. एका वाईट वर्षाचा विमा म्हणजे मागच्या दोन चांगल्या वर्षांचे पेव.

६/
इथे राजकारण प्रवेश करते. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. नाव निजामाचे, कारभार इंग्रजांचा. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि रोख शेतसारा ठरला. रोख सारा म्हणजे रोख पीक हवे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली.

७/
पुढचा वेग थक्क करणारा आहे. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके कापसाच्या गाठींनी भरू लागली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि त्याने जलंब-खामगाव हा फाटा सुरू केला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि तिथला कापूसबाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जाई. लिव्हरपूलच्या दलालांनी या कापसाला नाव दिले ‘ऊमरा’. ते उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचे, अर्धवट उच्चारलेले रूप. ज्या शहराचे नाव लिव्हरपूलच्या भावफलकावर रोज लिहिले जात होते, त्या शहराभोवतीच्या खेड्यांत काय शिजत होते याची नोंद मात्र त्या फलकावर असण्याचे कारण नव्हते.

८/
कापसाने वऱ्हाडाचे फक्त वाटोळे केले, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. भाव चढे असताना पैसा आला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. वकील, शाळा, छापखाने आले. १८९७ च्या डिसेंबरात सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते, हे वैभव कापसाच्याच पैशावर उभे होते. कापसात तुरीच्या ओळी पेरण्याची रीतही टिकून राहिली, म्हणून वरण ताटातून गेले नाही. ज्वारीही संपली नाही. पण तिचे स्थान बदलले. सारा, व्याज आणि लग्नकार्य यांचा भार कापसावर पडला, आणि चांगली जमीन कापसाला देऊन उरलेल्या जमिनीत खाण्यापुरती ज्वारी, हा हिशेब रुळला. खाण्यापुरती म्हणजे साठवण्यापुरती नव्हे. पेव रिकामे राहू लागले. कमी पडेल ते बाजारातून आणू, हा विश्वास आगगाडीने दिला होता.

९/
त्या विश्वासाची परीक्षा दोनदा झाली : १८९६-९७ आणि १८९९-१९००. दुसऱ्या खेपेस पाऊस जवळजवळ आलाच नाही. संवत १९५६ चा म्हणून तो छप्पन्नचा दुष्काळ. ज्वारी गेली, कडबा गेला, गुरे गेली. कापूस नाही म्हणून हाती रोकड नाही. रोकड नाही म्हणून आगगाडीने आलेले धान्य डोळ्यांसमोर असूनही घेता येत नाही. लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा जो अभ्यास केला आहे, त्याचा रोख हाच आहे की उपासमार धान्याच्या टंचाईइतकीच क्रयशक्तीच्या अभावाची होती.

जनगणनेचे आकडे कोरडे असतात, पण येथे ते पुरेसे बोलके आहेत. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. एरवी दर दहा वर्षांनी जिथे माणसे वाढायची, तिथे शेकडा पाच कमी भरली.

१०/
या दुष्काळात अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे गावी, चोविशीतला एक शेतकरी होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वडील व्यसनात लवकर गेले, म्हणून आईसह आजोळी वाढला. गुरे राखली, नांगर धरला. मामांची जमीन सावकारी कर्जात गेली, ते त्याने जवळून पाहिले. १९०५ मध्ये त्याने घर सोडले. जग त्याला पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखू लागले. हातात खराटा, आणि डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात मिळेल ती शिळी भाकर आणि कोरड्यास घेऊन ते खात.

गाडगेबाबांची आहाराविषयीची भूमिका आपण सहसा ‘अहिंसा’ या एका शब्दात उरकतो. ती तेवढीच नव्हती. मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू आणि मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद चकित झाले. देवाला बकरे कापण्याविरुद्ध त्यांनी आयुष्यभर कीर्तनांतून प्रहार केले. त्यामागे जिवाची कणव होतीच; पण कर्ज काढून नवस फेडणाऱ्या आणि त्या कर्जापायी जमीन गमावणाऱ्या माणसाची कणवही तितकीच होती. ऋण काढून सण करू नका, भांडी मोडा पण लेकराला शिकवा, या त्यांच्या सांगण्याला मामांच्या गेलेल्या शेताचा संदर्भ आहे. माझ्या मते वऱ्हाडातील शाकाहाराच्या पुरस्काराचे हे सर्वांत अस्सल रूप आहे, कारण ते ताटापेक्षा सावकाराच्या वहीतून सुरू होते.

११/
इथे एक खबरदारी. यावरून ‘वऱ्हाड मुळातच शाकाहारी’ असा निष्कर्ष काढू नये. बहुसंख्य कुटुंबांचे जेवण वर्षातले बहुतेक दिवस वनस्पतिजन्य होते, ते मांस परवडत नव्हते म्हणून. जत्रेला बकरा असे, नदीकाठच्या गावांत मासळी असे. दलित वस्त्यांचे अन्न तर वेगळ्याच इतिहासाचा विषय आहे. शेजारच्या मराठवाड्यापुरता तो शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मांडला आहे. गरजेने आलेल्या शाकाहाराला नंतर संस्कृतीचा मुलामा देणे हा इतिहास नव्हे.

१२/
आता ‘पूर्वज निरोगी होते’ या समजुतीवरचा सर्वांत मोठा आघात. तो वऱ्हाडाच्या दक्षिणेकडून, ज्वारीच्याच दुसऱ्या पट्ट्यातून येतो. हैदराबादच्या रुग्णालयांत पेलाग्राचे रुग्ण येत असत. या रोगात उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात, मन भ्रमते. पेलाग्रा हा मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा रोग, असे जगभरचे शास्त्र सांगत होते. पण हे रुग्ण मका खाणारे नव्हते. ज्वारी खाणारे होते. १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला. ल्युसिन जास्त झाले की शरीरातील नायासिनचे गणित बिघडते, असा त्यांचा सिद्धांत. पुढे या स्पष्टीकरणावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण मूळ निरीक्षण विसरण्यासारखे नाही : हा रोग नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांना होत होता.

ज्याच्या ताटात वरण, पालेभाजी, ताक होते त्याला ज्वारीने पोसले. ज्याच्या ताटात भाकर आणि मीठ-मिरची एवढेच उरले त्याला तीच ज्वारी पुरी पडली नाही. धान्य एकच. दोन ताटांमधला फरक जमिनीच्या मालकीचा आणि मजुरीच्या दराचा होता.

१३/
याच प्रदेशात शरीर घडवण्याची एक निराळी चळवळही उभी राहिली, तिचा ओझरता उल्लेख करतो. दुष्काळानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी, १९१४ मध्ये, वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. अमरावती जिल्ह्यातल्याच यावलीचे तुकडोजी महाराज यांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. आरोग्य ही एकट्याने साधायची गोष्ट नसून ती गावाची आहे, ही दृष्टी त्या ग्रंथाच्या रचनेतच आहे. आजच्या ‘वेलनेस’ नावाच्या धंद्यात गाव कुठेच नसते.

१४/
स्वातंत्र्यानंतर ज्वारीवर तीन बाजूंनी दबाव आला. पहिला रेशनचा. पीएल-४८० करारान्वये अमेरिकेचा गहू आला. पुढे हरितक्रांतीने पंजाबचा गहू पिकवला आणि सरकारी गोदामांतून तो महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून लाल ‘मिलो’ आला. तीही ज्वारीच, पण तिच्या भाकरीची चव आठवून जुनी माणसे अजून तोंड वाकडे करतात. दुष्काळी कामांवरची सुकडी मात्र त्या पिढीच्या आठवणीत बऱ्यापैकी गोडीने आहे.

१५/
दुसरा दबाव खुद्द शेतात. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला भारतीय संकरित वाण आला. उत्पादन वाढले, यात शंका नाही. पण ही ज्वारी बुटकी होती, कडबा कमी. शिवाय ती लवकर पक्व होई. देशी ज्वारीचे कणीस पाऊस सरल्यावर भरे. संकरित ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात सापडू लागले. दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडे, आणि काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही. सोलापूरकडची रब्बी ज्वारी, ती प्रसिद्ध मालदांडी, या संकटातून वाचली, कारण ती पावसानंतर पेरली जाते. वऱ्हाडची ज्वारी खरिपाची, ती सापडली. त्यात पाखरांचा आणि रानडुकरांचा उपद्रव. गावात दहा जणांनी ज्वारी पेरणे थांबवले की अकराव्याच्या शेतावर सगळी पाखरे उतरतात, म्हणून अकरावाही थांबतो.

मग सोयाबीन आले. शंभर दिवसांत निघणारे, रोख देणारे, नंतर हरभऱ्याला रान मोकळे करणारे. शेतकऱ्याने ते स्वीकारले यात वेडेपणा नव्हता. पण सोयाबीन हे वऱ्हाडच्या ताटात न येणारे पीक आहे. त्याचे तेल कारखान्यात निघते, पेंड कोंबड्यांना आणि निर्यातीला जाते. ज्वारी-मूग-अंबाडीची सोबत सोयाबीनच्या शेतात उरत नाही, आणि तणनाशक फवारल्यावर बांधावरची आपोआप उगवणारी भाजीही उरत नाही.

१६/
तिसरा दबाव पुरुष लेखक सहसा नोंदवत नाहीत. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे तिचे पीठ ताणले जात नाही. ते गरम पाण्यात मळून, एकेक भाकर हाताने थापून, विस्तवासमोर बसून भाजावी लागते. त्याआधी जात्यावरचे दळण. पोळ्या सकाळी लाटून डब्यात देता येतात. भाकर दुपारपर्यंत कडक होते. शेतमजुरीला किंवा नोकरीला जाणाऱ्या बाईने गव्हाची पोळी पसंत केली, तेव्हा तिने परंपरा सोडली असे म्हणण्याचा अधिकार तिच्या हातची गरम भाकर खाणाऱ्याला नाही. त्यात प्रतिष्ठेचाही भाग होता. पिढ्यान्‌पिढ्या जे पाहुण्यांसाठी राखून ठेवले, ते रोज खाता येणे ही प्रगतीच वाटली.

१७/
मिश्र पिकाचा विचार पुन्हा पुढे आला तोही वऱ्हाडातूनच. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोरा गावचे सुभाष पाळेकर यांनी रासायनिक शेतीचा घटता उतारा पाहून दुसरी वाट शोधली. देशी गायीचे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे जीवामृत, जमिनीवर आच्छादन, आणि एकाच शेतात अनेक पिके. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ च्या अर्थसंकल्पीय भाषणात ‘झिरो बजेट’ शेतीचा उल्लेख झाला. कृषिशास्त्रज्ञांनी त्यांच्या काही दाव्यांवर, विशेषतः नत्राच्या गणितावर, कठोर टीका केली आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण अनेक पिके एकत्र घेण्याचा त्यांचा आग्रह वऱ्हाडच्या जुन्या शेताला ओळखीचा आहे. अकोल्यात १९६९ पासून उभ्या असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही ज्वारी, कापूस, सोयाबीन यांच्या सोबत तुरीचे आंतरपीक आहेच.

१८/
ज्वारीवर औषधाचा भार टाकणाऱ्यांविषयी दोन शब्द. भाकरीत तंतू भरपूर असतात, पोट भरलेले राहते, रक्तातील साखर सांभाळण्यास तिची मदत होऊ शकते. तिने मधुमेह ‘मुळापासून बरा’ होतो आणि गोळ्या बंद करता येतात, असे फिरणारे संदेश धोकादायक आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. ज्वारी, तूर, पालेभाजी, जवस यांनी मिळून जे केले, ते त्यातल्या एकाकडून गोळीसारखे मागता येत नाही.

१९/
आणि आजची स्थिती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. कायद्याच्या कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. प्रत्यक्षात रेशनच्या पिशवीत बहुतांशी गहू आणि तांदूळच पडतो, आणि खुल्या बाजारात चांगली ज्वारी अनेकदा गव्हापेक्षा महाग असते. अकोला-अमरावतीच्या बाजार समित्यांत हंगामात सोयाबीनचे ढीग लागतात. ते विकून घरी परतणारा शेतकरी वाटेत किराण्याच्या दुकानात थांबतो आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या भाकरीसाठी ज्वारी किलोने विकत घेतो. ती बहुधा सोलापूरकडून आलेली असते.